फ्लाय ॲशचं काँक्रीट आणि बाहेरची हवा: या चुका टाळा

फ्लाय ॲश म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रातली बारीक राख; ती काँक्रीटमध्ये काही सिमेंटच्या जागी घालतात. "राख घातली आणि माल कच्चा राहिला," ही तक्रार हमखास ऐकू येते. दोष बहुतेक वेळा राखेचा नसतो. नुसत्या सिमेंटचं काँक्रीट जे हवामान निभावून नेतं, ते फ्लाय ॲशच्या काँक्रीटला जड जातं.

सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. फ्लाय ॲशमधली सिलिका त्याच्याशी क्रिया करते, पण उशिरा आणि सावकाश. थंडीत तर फारच सावकाश. तोवर आत पाणी टिकायला हवं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांमधली सापेक्ष आर्द्रता (हवा जास्तीत जास्त धरू शकेल त्याच्या तुलनेत किती बाष्प आहे ते) साधारण 80 टक्क्यांखाली गेली की ही क्रिया जवळजवळ थांबते.

सातव्या दिवशी पाणी मारणं बंद

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. काँक्रीटच्या 10 सेंमी जाडीतून उष्णता काही तासांत आरपार जाते, ओल बाहेर पडायला मात्र महिने लागतात. म्हणजे कोरडं वारं सुटलं तरी गाभा ओलाच राहतो आणि मार खातो तो वरचा थोडासा थर. पण सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारं काँक्रीट, म्हणजे नेमका हाच थर! क्यूब (ताकद तपासायला त्याच मालाचा ओतलेला ठोकळा) पास होतो, कारण तो पाण्याच्या टाकीत होता. इकडे स्लॅबच्या पृष्ठभागाला हात लावला की भुकटी निघते. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान 10 दिवस, कोरड्या उन्हाळ्यात 14 दिवस करा. गोणपाट दुपारी वाळून संध्याकाळी पुन्हा भिजत असेल तर ते क्युरिंग नव्हे. वर प्लास्टिक अंथरा.

ऊन नाही म्हणून निर्धास्त राहणं

ओतल्यावर काही तासांतच बारीक भेगा दिसल्या तर आधी वाऱ्यावर संशय घ्या. ढगाळ, गार दिवशीसुद्धा कोमट काँक्रीटवरून कोरडा वारा वाहिला की पाणी झपाट्याने उडतं. फ्लाय ॲशच्या मिश्रणात पाणी कमी लागतं, त्यामुळे ओतल्यावर पृष्ठभागावर येणारं पाणीही सहसा कमीच, म्हणून तो लवकर वाळतो. बाष्पीभवनाची नेहमीची धोक्याची रेषा दर चौरस मीटरला तासाला 1 किलो. इथे निम्म्यावरच सावध झालेलं बरं. वाऱ्याला आडोसा करा, हवेत बारीक फवारा ठेवा. फिनिशिंग सोपं व्हावं म्हणून वरून पाणी शिंपडून थापी फिरवू नका, त्याने पृष्ठभाग आणखी कमजोर होतो.

कॅलेंडर बघून सेंटरिंग खोलणं

सेंटरिंग म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला पेलणारा आधार. थंडीत सेट व्हायलाच (घट्ट व्हायलाच) वेळ लागतो, ताकद त्याहून मागे राहते. टाकीतल्या ऊबदार पाण्यातला क्यूब जागेवरच्या गारठलेल्या बीमची खबर देत नाही. त्याच बीमशेजारी, त्याच हवेत ठेवलेला क्यूब फोडून पाहा. तापमान आणि वेळ यांवरून ताकदीचा अंदाज बांधत असाल तर आलेख याच मिश्रणाचा हवा; नुसत्या सिमेंटचा वापरलात तर फसाल. पारा शून्याखाली जाणार असेल, तर साधारण 3.5 मेगापास्कल (ताकद मोजायचं एकक) ताकद येईपर्यंत काँक्रीट गोठू देऊ नका.

"राख आहे, तापणार नाही"

तापतं, फक्त कमी आणि जरा उशिरा. जाड फुटिंगचा (पायाच्या काँक्रीटचा) गाभा कित्येक दिवस गरम असतो. अशात गार रात्री शटरिंग (बाजूचा साचा) काढलं की पृष्ठभाग एकदम थंड होतो आणि तडा जातो. गाभा आणि पृष्ठभाग यांच्यातला फरक 20 अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. गरम पृष्ठभागावर थेट गार पाण्याचा पाइप सोडणंही तितकंच वाईट.

पाऊस पडून गेल्यावर वाळूतलं पाणी मोजून मिक्समधून वजा करा. एवढंच, पण हे बरेचदा राहून जातं.

दुपारचं रीडिंग, रात्रीचं रीडिंग

आत आर्द्रतेचा सेन्सर बसवला असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. बंद खोलीतली हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. काँक्रीटमध्ये उलट, तापल्यावर ती थोडी वाढते. त्यामुळे दुपारी "ओल भरपूर आहे" असं वाटून क्युरिंग थांबवू नका. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो पहाटे, आकडा घ्या आणि त्याच्याशेजारी काँक्रीटचं तापमान लिहून ठेवा, हवेचं नव्हे.