दहा मीटर एअर रायफल लहान चणीच्या मुलाला बसती कशी करावी

क्लबची रायफल लहान मुलाच्या हातात आली की पालक हमखास विचारतात, फार लांब पडते, नळी कापून मिळेल का? कापू नका. नळीचं तोंड जरा जरी तिरकं झालं तरी पेलेटमागची (छर्‍यामागची) हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेट भरकटतं. शिवाय बहुतेक स्पर्धेच्या एअर रायफलींची खरी नळी साधारण 42 सेंटीमीटरच असते. पुढे जी लांबी दिसते ती साइट (नेम धरायचं साधन) पुढे नेणारी पोकळ नळी असते आणि अनेक मॉडेल्समध्ये ती काढून आखूड लावता येते. दारूच्या बंदुकीची नळी विनापरवाना आखूड करणं तर शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 खाली गुन्हाच आहे.

मुलाची अडचण जवळजवळ नेहमी मागच्या टोकाला असते, म्हणून सुरुवात बटपासून, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागापासून करा. अ‍ॅलन कीचा संच, टेप आणि बारीक मार्कर जवळ ठेवा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) घाला. आधीच्या सगळ्या जागांच्या खुणा मार्करने करून ठेवा. मुलाला शूटिंग जॅकेट घालूनच मोजा, कारण जाड जॅकेटने खांदा पुढे येतो.

कोपर काटकोनात वाकवा. कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर म्हणजे बट प्लेट ते ट्रिगर ही सुरुवातीची लांबी. मग 5 मिलिमीटरच्या टप्प्याने बदला. लांबी जास्त असेल तर मान पुढे ताणली जाते आणि मूल कमरेतून मागे झुकतं. कमी असेल तर डोळा रिअर साइटला (मागच्या, डोळ्याकडच्या साइटला) चिकटतो. मधे 5 ते 8 सेंटीमीटर अंतर राहू द्या. ट्रिगरही मागेपुढे सरकतो. बोटाचं पेर त्यावर सरळ बसलं पाहिजे.

बट प्लेटची उंची महत्त्वाची आहे आणि तिकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. प्लेट खाली सरकवली की रायफल खांद्याच्या तुलनेत वर येते आणि डोकं ताठ राहतं. मूल मान खाली घालून गालाने रायफल शोधत असेल तर प्लेट खाली न्या.

त्यानंतर चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग. मुलाला डोळे मिटून गाल टेकवायला सांगा, मग डोळे उघडायला. फ्रंट साइटचं कडं रिअर साइटच्या भोकात मधोमध दिसलं तर ठीक. वर दिसलं तर डोळा उंच आहे, चीकपीस खाली करा. खाली दिसलं तर उलट. गाल दाबून बसवून मधोमध आणणं खोटं, कारण पाच-दहा शॉटनंतर स्नायू थकतात आणि जागा सुटते.

उभं राहताना डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकलं पाहिजे. लहान हातांमुळे पंजा आणि रायफल यांच्यात फट राहते. ती फोरएंडखाली (रायफलच्या पुढच्या, पंजावर टेकणाऱ्या भागाखाली) उंच ब्लॉक लावून भरा, हाताच्या ताकदीने नाही. स्पर्धेत 5.5 किलोपर्यंत वजन चालतं, पण मुलाला तेवढं पेलवत नाही. आधी पुढची जादा वजनं काढा आणि तोल डाव्या पंजाच्या जवळ आणा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत मापं लिहा. मग ड्राय फायरने, म्हणजे पेलेट न भरता, वीस शॉट मारा. मुलाला नेम धरून, डोळे मिटून दोन श्वास घ्यायला लावा. उघडल्यावर रायफल टार्गेटच्या डावीउजवीकडे गेलेली दिसली तर साइट फिरवू नका, पाय हलवा. हे जमल्यावरच पेलेट भरा आणि दहा शॉटचा गट पाहा. मुलं झपाट्याने वाढतात, म्हणून दर तीन महिन्यांनी सगळी मापं पुन्हा घ्या.

नागपूरच्या मे महिन्यात रायफल बंद गाडीत ठेवू नका. 25 अंशांना 200 बार दाबाने हवा भरलेला रायफलचा सिलिंडर 60 अंशांना 220 च्या पुढे जातो. बालेवाडीच्या स्पर्धेला विमानाने निघालात तर सिलिंडर रिकामा करून वेगळा काढा आणि विमान कंपनीची परवानगी आधीच घ्या.