पाण्याच्या सेन्सरचा ड्रिफ्ट दुरुस्त करताना या चुका टाळा

नदीत बसवलेल्या प्रोबचा आलेख हळूहळू खाली उतरू लागला, की सॉफ्टवेअरने ट्रेंड काढून टाकण्याचा मोह होतो. पायथनमध्ये ते एका ओळीचे काम. पण घसरण सेन्सरची आहे (म्हणजे ड्रिफ्ट, सेन्सरचे मोजमाप हळूहळू सरकणे) की पाण्याची, हे नुसत्या आकड्यांवरून कुठल्याच सॉफ्टवेअरला कळत नाही. पावसाळ्यात नदी भरली की क्षार पातळ होतात आणि विद्युतवाहकता खरोखरच उतरते. तो आलेख सरळ केला तर आख्खा पावसाळा पुसला जातो!

म्हणून आधी प्रोबच्या देखभालीच्या भेटींची वही उघडा. साफसफाईआधीचे आणि नंतरचे रीडिंग, मग प्रमाण द्रावणातले (ज्याचे मूल्य आधीच माहीत असते) कॅलिब्रेशनआधीचे आणि नंतरचे, असे चार आकडे हवेत. पहिल्या जोडीवरून शेवाळ-गाळाचा परिणाम कळतो, दुसऱ्या जोडीवरून सेन्सरचा स्वतःचा ड्रिफ्ट. वहीत हे नसेल तर डेटा संशयित म्हणून खूण करून सोडून द्यावा. अंदाजाने केलेली दुरुस्ती त्याहून वाईट.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या जोडीत होतो. समजा, विरघळलेला ऑक्सिजन साफसफाईआधी ६.२ आणि नंतर ७.० मिलिग्रॅम प्रति लिटर आला. फरक ०.८, म्हणून तेवढेच वाढवायचे? नाही. ब्रश फिरवेपर्यंत ऊन चढते, पाण्यातल्या वनस्पती ऑक्सिजन सोडत असतात. शेजारी धरलेला दुसरा मीटर त्याच वेळात ६.८ वरून ७.० वर गेला असेल, तर त्यातले ०.२ नदीचे. दुरुस्ती ०.६ ची.

ती मागच्या भेटीपासून वेळेच्या प्रमाणात वाटतात: २१ दिवसांचा काळ असेल तर सातव्या दिवशी ०.२. मधेच पूर येऊन प्रोबवर गाळ बसला असेल तर मात्र ही सरळ रेषा खोटी ठरते. दुरुस्ती पुराच्या तासापासून सुरू करा. विद्युतवाहकतेत चूक मूल्याबरोबर वाढत असेल, तर ठरावीक आकडा मिळवण्याऐवजी टक्केवारीने दुरुस्त करा.

आलेखात अचानक १,४१३ मायक्रोसीमेन्स दिसले तर प्रदूषणाचा ईमेल पाठवू नका. प्रोब बहुधा त्याच मूल्याच्या प्रमाण द्रावणाच्या बाटलीत होता. भेटीच्या वेळेतल्या नोंदी आधी वगळा. वगळताना नोंदी साठवणारा लॉगर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि वही भारतीय वेळेवर नाही ना, हेही पाहा. साडेपाच तासांनी भलतीच ओळ उडते.

ऑक्सिजनच्या कॅलिब्रेशनमध्ये हवामान अ‍ॅपमधला दाब टाकणे हीही नेहमीची चूक. तो समुद्रसपाटीवर किती असता, असा बदलून दिलेला असतो. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवर संपृक्तता (हवेशी समतोलात पाण्यात मावणारा ऑक्सिजन) ८.२६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते, तर सुमारे ५६० मीटरवरच्या पुण्यात ७.७ च्या आसपास. हा फरक ड्रिफ्ट म्हणून दुरुस्त करणारे आहेत.

छोट्या फरकांना हात लावू नका. अमेरिकेच्या यूएसजीएस या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत गाळाची आणि ड्रिफ्टची चूक, चिन्ह सोडून, मिळून पीएचसाठी ०.२ किंवा ऑक्सिजनसाठी ०.३ च्या पुढे गेली तरच दुरुस्ती सांगितली आहे. केलेली दुरुस्ती वेगळ्या रकान्यात ठेवा, मूळ रकाना जसाच्या तसा.