विमान कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर युनियन आणि पगाराचा निर्णय कसा घ्यावा

जळगाव विमानतळ, शिरपूरजवळचे तांडे आणि धुळ्याजवळचे गोंदूर या तिन्ही ठिकाणी वैमानिक घडवले जातात, त्यामुळे आता खान्देशातील अनेक घरांचा संबंध मोठ्या विमान कंपन्यांच्या पगारपत्रकाशी जोडला गेला आहे. त्यातील काही घरांनी रावेर-यावलच्या केळीच्या जमिनीवर बोजा चढवून मुलाचे किंवा मुलीचे प्रशिक्षण पुरे केलेले असते. अशा घरात दोन कंपन्या एक होणार अशी बातमी आली की पहिला प्रश्न येतो तो पगार कमी होणार का, हा. प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर आणखी दोन प्रश्नांवर अवलंबून असते: एकत्रित सेवाज्येष्ठता यादीत आपले स्थान कसे ठरणार आणि आपल्या वतीने व्यवस्थापनाशी कोण बोलणार. हे दोन प्रश्न आधी हाती घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पगाराचा करार काही वर्षांनी पुन्हा होतो, पण यादीतला क्रमांक एकदा ठरला की बहुधा निवृत्तीपर्यंत सोबत राहतो.

आधी कागद जमवा

आपल्याकडे कंपन्यांचे विलीनीकरण साधारणपणे कंपनी कायदा 2013 च्या कलम 230 ते 232 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मंजुरीने होते. मंजूर योजनेत कर्मचाऱ्यांविषयी एक परिच्छेद असतो, आणि सेवेत खंड पडणार नाही व सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी हिताच्या नसतील, असे आश्वासन त्यात सामान्यतः दिलेले असते. ते आश्वासन वाचून निश्चिंत होऊ नये. त्यात यादीतल्या क्रमांकाची हमी बहुधा नसते, कमांडर (विमानाचा मुख्य वैमानिक) म्हणून बढती कधी मिळेल याचीही नसते.

नेमणूकपत्र, रुजू झाल्याची तारीख, कमांडर म्हणून पहिल्या उड्डाणाची नोंद, टाइप रेटिंगची (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेची) प्रमाणपत्रे, प्रशिक्षणाचा बाँड, मागील दोन वर्षांच्या पगारपावत्या आणि रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) हे सर्व विलीनीकरणाच्या तारखेपूर्वी स्वतःजवळ उतरवून ठेवावे. संगणक यंत्रणा बदलली की जुना ईमेल आणि जुने पोर्टल बंद होऊ शकते, आणि मग स्वतःचेच रोस्टर मागण्यासाठी अर्ज करत बसावे लागते.

सेवाज्येष्ठता

सेवाज्येष्ठता यादी हा वैमानिकाचा सातबारा आहे. कोणत्या विमानावर बसायचे, कोणता बेस (नेमणुकीचे शहर) मिळायचा, कमांड कधी मिळायची, रजा कोणाला आधी आणि मंदीत घरी कोण जायचे, हे पुष्कळदा याच यादीवरून ठरते. दोन याद्या एकत्र करण्याच्या मुख्य पद्धती दोन आहेत. एकीत रुजू होण्याची तारीख हाच निकष धरतात. दुसरीत प्रत्येकाचे आपल्या जुन्या कंपनीतील पद आणि विमानाचा प्रकार पाहून ठरावीक प्रमाणात एकाआड एक नावे बसवतात. जुन्या, संथ वाढलेल्या कंपनीच्या वैमानिकांना पहिली पद्धत हवी असते, तर नव्या, वेगाने वाढलेल्या कंपनीच्या वैमानिकांना दुसरी. दोन्ही बाजूंना आपलीच पद्धत न्याय्य वाटते, आणि दोघेही प्रामाणिक असतात.

हा वाद किती लांबू शकतो, हे अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळते. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या 2005 मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये दिलेल्या निवाड्यात यूएस एअरवेजचे सर्वांत ज्येष्ठ 517 वैमानिक वर ठेवले, त्यांच्याखाली दोन्ही बाजूंची नावे प्रमाणात मिसळली आणि सक्तीच्या रजेवर असलेल्या वैमानिकांना तळाशी टाकले. रुजू तारखेचा आग्रह धरणारे यूएस एअरवेजचे वैमानिक संख्येने जास्त होते. त्यांनी 2008 मध्ये मतदानाने जुनी युनियनच बदलली आणि निवाडा रोखून धरणारी नवी युनियन निवडली. त्यानंतर वर्षानुवर्षे कोर्टबाजी चालली, दोन्ही गट आपापल्या जुन्या करारांवरच उडत राहिले, आणि 2013 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी आणखी एक विलीनीकरण झाल्यानंतर 2016 मध्ये एकत्रित यादी लागली. याउलट डेल्टा आणि नॉर्थवेस्टच्या वैमानिकांनी 2008 मध्ये विलीनीकरण पूर्ण होण्यापूर्वीच एक संयुक्त पगारकरार मंजूर करून घेतला, यादीचा प्रश्न लवादाकडे सोपवला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात निवाडा मिळवला. लवाद तिथेही होता, फरक इतकाच की त्याचा निर्णय कसाही आला तरी मानायचा, हे आधी ठरलेले होते.

म्हणून सभेत ‘यादी कशी असावी’ यावर भांडण्यापूर्वी ‘यादी कोण ठरवणार आणि तो निर्णय आपण बंधनकारक मानणार का’ यावर ठराव मांडावा. निवृत्तीचे वय विचारायलाही विसरू नये. एअर इंडिया आणि विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एक झाल्या, तेव्हा एका बाजूचे वैमानिक 58 व्या वर्षी आणि दुसऱ्या बाजूचे 60 व्या वर्षी निवृत्त होणार होते. वरच्या लोकांची दोन वर्षे लांबली की खालच्यांची बढती तेवढी पुढे जाते.

कोणती युनियन

इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया 2007 मध्ये एकत्र आल्या, तरी त्यांच्या वैमानिकांच्या दोन संघटना, म्हणजे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड, वेगळ्याच राहिल्या. पहिलीने 2011 च्या एप्रिल-मे महिन्यांत समान वेतनासाठी संप केला. दुसरीने 2012 मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणात आपला हक्क डावलला जातो म्हणून केलेला संप 58 दिवस चालला, आणि त्यात शंभराहून अधिक वैमानिकांना बडतर्फ करण्यात आले. एका गटाची मागणी दुसऱ्याला आपल्या ताटातला घास वाटत होती. एकच व्यवस्थापन आणि समोर दोन परस्परविरोधी संघटना, ही स्थिती व्यवस्थापनाला किती सोयीची असते हे निराळे सांगायला नको.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने यात नवे गणित आणले आहे. एकाहून अधिक युनियन असतील तर आस्थापनेच्या हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी वाटाघाटी करते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बनते. येथे टक्केवारी सर्व कामगारांची धरली जाते, केवळ वैमानिकांची नव्हे. केबिन क्रू, अभियंते आणि जमिनीवरील कर्मचारी हजेरीपटावर असताना केवळ वैमानिकांच्या दोन तुटक संघटनांना 20 टक्क्यांचा उंबरठा गाठणे अवघड जाईल. त्यामुळे जुन्या निष्ठेपोटी दोन फलक टिकवायचे की एक संघटना करून इतर विभागांशी समझोता करायचा, हा प्रश्न आता भावनेवर सोडून चालणार नाही.

याला जोडून आपले पद तपासावे. व्यवस्थापकीय काम करणारा, किंवा दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतनावर पर्यवेक्षण करणारा माणूस संहितेनुसार कामगार ठरत नाही. एअर इंडियाने 2023 मध्ये आणलेल्या वेतनरचनेत ज्येष्ठ कमांडरना व्यवस्थापनाच्या श्रेणीत नेण्याची तरतूद होती, आणि दोन्ही संघटनांनी तिला विरोध केला, तो आपण कामगार गणले जाणार नाही याच भीतीने. बढतीच्या पत्रावर नवे पदनाम असेल तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.

पगाराचा हिशेब

वैमानिकाच्या उत्पन्नात मोठा वाटा उड्डाणतासांचा असतो, म्हणून तासाचा दर पाहण्याआधी हमीचे तास, म्हणजे उड्डाण मिळाले नाही तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास, पाहावेत. विस्तारातील 2024 च्या असंतोषाचे एक मोठे कारण हेच होते: नव्या रचनेत हमीचे तास 70 वरून 40 वर येत होते, अनेक वैमानिक आजारी असल्याचे कळवू लागले आणि त्या एप्रिलमध्ये कंपनीला सुमारे दहा टक्के उड्डाणे कमी करावी लागली.

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. जुना दर ताशी 5,000 रुपये आणि हमी 70 तासांची असेल तर महिन्याला 3,50,000 रुपये पक्के मिळतात. नवा दर 6,000 आणि हमी 40 तासांची असेल तर पक्के फक्त 2,40,000 राहतात. महिन्यात 75 तास उडालात तर जुन्या रचनेत 3,75,000 आणि नव्या रचनेत 4,50,000 मिळतील, पण 55 तासच मिळाले तर नव्या रचनेत 3,30,000 म्हणजे जुन्यापेक्षा 20,000 कमी हाती येतील. बरोबरीचा बिंदू 58 तासांच्या थोडा वर आहे. आता मागील दोन वर्षांचे रोस्टर काढून किती महिने त्या बिंदूच्या खाली गेले ते मोजावे. विमाने दुरुस्तीत उभी असणे, प्रशिक्षण, रजा आणि वैद्यकीय कारणाने जमिनीवर राहणे या काळात हमी लागू राहते का, हे लेखी विचारावे. बँकेचा हप्ता चांगल्या महिन्यावर न बेतता हमीच्या रकमेवर बेतावा, आणि हे मुलाने गावी बसलेल्या वडिलांना कागदावर मांडून दाखवावे.

सही, विरोध आणि तक्रार

नव्या करारासाठी मुदत दिली जाते आणि संमती पोर्टलवर एका बटणाने घेतली जाते. संमती द्यावीच लागत असेल तर आपला आक्षेप त्याच दिवशी ईमेलने नोंदवून प्रत ठेवावी. वेतन किंवा भत्त्यांत बदल करताना कामगारांना 21 दिवसांची सूचना देणे मालकावर बंधनकारक आहे, मात्र युनियनने समझोत्यावर सही केली असेल तर ती सूचना लागत नाही. म्हणूनच समझोत्याचा मसुदा सभासदांसमोर मतदानाला ठेवण्याची अट युनियनच्या नियमावलीत आहे का, हे वर्गणी भरण्यापूर्वी पाहावे.

ठरवून आजारी पडण्याचा मार्ग धोक्याचा आहे. संपासाठी 14 दिवसांची नोटीस लागते, समेटाची प्रक्रिया चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी संगनमताने घेतलेली किरकोळ रजा हाही संपच धरला जातो. तडकाफडकी नोकरी सोडण्याची वाटही अरुंद आहे, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2017 मध्ये कमांडरसाठी एक वर्षाची आणि सह-वैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली.

तक्रार करायची वेळ आली तर जळगाव किंवा धुळ्याच्या राज्य कामगार कार्यालयात हेलपाटे घालू नयेत. हवाई वाहतूक सेवेसाठी केंद्र सरकार हेच समुचित शासन आहे, त्यामुळे अर्ज केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे, म्हणजे आपल्या बेसच्या विभागीय कामगार आयुक्तांकडे, शक्यतो युनियनमार्फत आणि रोस्टर व पगारपावत्यांच्या प्रती जोडून द्यावा.