पळस, मोह आणि बाजार: फाल्गुन-चैत्रात फोटो काढताना या चुका टाळा

दरवर्षी होळीच्या आसपास माझ्या फोनवर तोच फोटो येऊन पडतो. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या पुढे कोणीतरी गाडी थांबवलेली असते, पळस रानभर फुललेला असतो आणि फोटोत फुलांच्या जागी एक सपाट केशरी लगदा. खाली प्रश्न: "कॅमेरा बिघडला का भाऊ?"

कॅमेरा ठणठणीत असतो. पळसाचं फूल एकदा हातात घेऊन पाहा. पाकळ्या भडक शेंदरी, पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. त्यांना धरून असलेली देठाकडची वाटी मात्र मखमली आणि जवळजवळ काळी. फांद्यांवर पान नाही, त्या करड्या. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो, एवढं काळं-करडं पाहून त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो. लाल रंगाची नोंद तेवढ्यात काठोकाठ भरून सांडते. निळ्याची अजून तळालाच असते, त्यामुळे स्क्रीनवर फोटो फार उजळलाय असं वाटतही नाही. पाकळीवरच्या बारीक शिरा आणि कडेची लव मात्र गेलेली असते, आणि ती नंतर एडिटिंगमध्ये कितीही घासलं तरी परत येत नाही.

म्हणून पळसापुढे उभं राहिलं की आधी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे ०.७ किंवा उणे १ करा. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा, एकत्रित आलेख इथे फसवतो. फोनवर पाकळीवर बोट टेकवा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोटो जरा काळसर दिसला तरी चालेल, काळसर भाग घरी उजळता येतो. फोनमधला रंग भडक करणारा मोड बंदच ठेवा. पळसाला तुमच्या मदतीची गरज नाही.

दुसरी चूक आभाळाची. मार्चमध्ये आपल्याकडे धूळ आणि धूर इतका असतो की नऊ वाजेपर्यंत आभाळ पांढरंफटक होतं. त्या पांढऱ्यावर पळस काढला की फुलं मळकट दिसतात. झाडामागे आभाळ येऊ देऊ नका. बांधावर चढा, मागे टेकडी किंवा दुसऱ्या झाडांची राई घ्या. भंडारा-गोंदियाकडे असाल तर उन्हाळी धानाची हिरवी बांधी (भातखाचर) मागे घ्या. शेंदरी रंगामागे ती हिरवळ आली की वेगळं काही करावं लागत नाही.

पक्षी हवे असतील तर झाडामागून झाड फिरू नका. एका फुललेल्या पळसाजवळ गुमान बसा. शिंजीर, बुलबुल, कोतवाल आळीपाळीने येतातच. भोरड्यांचे थवेही येतात, पण एप्रिलमध्ये ते मध्य आशियाकडे परत निघतात, म्हणून त्यांना पुढच्या महिन्यावर टाकू नका. शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी झाला की शिंजीर हललेलाच येणार. उजेड कमी असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

मोहाखाली उशिरा पोचणं

ही चूक शहरातून येणारे हमखास करतात. आठ वाजता चहा घेऊन निघतात आणि मोहाखाली पोचतात तेव्हा जमीन साफ. मोहफुलं रात्री आणि पहाटे पडतात, आणि बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन हजर असतात. २० मार्चच्या सुमारास नागपूरकडे सूर्य सव्वासहाला उगवतो, गडचिरोलीत त्याच्या किंचित आधी. म्हणजे पावणेसहाला झाडाखाली असायला हवं. फिकट पिवळी, रसाने टरारलेली फुलं तेव्हाच दिसतात. अंगणात वाळत घातली की दोन-तीन दिवसांत ती मनुकांसारखी तांबूस होतात. तो फोटोही चांगला, पण वेगळा.

मात्र चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या जंगलालगत एकट्याने पहाटे मोहाखाली जाऊ नका. मोह वेचणाऱ्यांवर वाघाचे हल्ले याच दिवसांत, याच वेळेला होतात, आणि अस्वलालाही मोह आवडतो. गावातल्या लोकांबरोबर, त्यांच्या पायवाटेने जा. वाकून फोटो काढणारा माणूस पाठमोरा असतो, हे लक्षात असू द्या. मोह गावाजवळच्या शेताच्या धुऱ्यावरही असतात, सुरुवात तिथून करा.

फुलं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या धुरातून तिरीप आली की चित्र फार देखणं दिसतं, मी नाकारत नाही. पण त्याच आगीतून वणवा लागतो. धूर हवा म्हणून कोणाला काडी लावायला सांगू नका. असं सांगणारे मी पाहिलेत.

सावली समजून उभं करणं

मार्चात साग उघडा, पळस उघडा, मोहही उघडाच. अशा झाडाखाली माणूस उभा केला की तोंडावर फांद्यांच्या सावल्यांचं जाळं पडतं. आंबा, चिंच, कडुनिंब शोधा, नाहीतर सरळ घराच्या ओसरीत या. दाराच्या जरा आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बाहेरचा जो उजेड पडतो, त्याला भर दुपारीही तोड नाही. चुलीपाशी फोटो काढताना व्हाइट बॅलन्स (उजेडाची रंगछटा सांभाळणारं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा जाळाचा पिवळेपणा धुऊन टाकतो. ४००० केल्विनच्या आसपास तो पक्का करून ठेवा.

आठवडी बाजारात घोटाळा उलटा. दुकानांवर निळी ताडपत्री असते, आणि तिच्याखाली वांगी, टमाटे, विकणारी मावशी, सगळेच निळे. निळा कमी करायला गेलं की बाहेरचं ऊन पिवळंजर्द होतं. यावर एडिटिंगचा उपाय शोधत बसू नका. जिथे बाहेरचा उजेड बाजूने आत येतो, त्या ताडपत्रीच्या कडेला उभे राहा.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. दिव्याभोवती धुकं आणि रंग फिके येत असतील तर दोष फोनच्या काचेवरच्या घामाचा, सुती दुपट्ट्याने पुसा. धुळवडीला रंग उडाला असेल तर मात्र आधी लेन्सच्या रबरी फुंकणीने उडवा, पुसलात तर ओरखडे. थ्रेशर चालू असलेल्या शेतात लेन्स बदलू नका. एप्रिलमध्ये फोन तापून कॅमेरा बंद झाला तर कव्हर काढून सावलीत ठेवा. आमच्या एका दोस्ताने तो माठावर ठेवला होता. फोन थंड झाला आणि आतून घामेजला.

आता माणसांचं. विचारल्याशिवाय काढू नका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विचारून झाल्यावर लोक जे करतात ती खरी चूक: "मावशी, इकडे पाहा, टोपली अशी धरा, पुन्हा वेचा." मीही केलं. लाखांदूरकडच्या एका मावशीला उगवत्या उजेडात टोपली धरून उभं केलं, फोटो झकास आला, आठवड्याने प्रिंट काढून नेऊन दिला. तिने तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"टोपली भरू द्याची ना भाऊ," ती म्हणाली. "खाली टोपली घिऊन काढला, लोक का म्हनतीन?"

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला पुन्हा गेलो. या वेळी तिनेच सांगितलं, कधी काढायचा ते.