तीट गेली, लाली राहिली

भाचीच्या बारशाचे फोटो काढले, पण बाळ टोमॅटोसारखं लालबुंद! मी सरसकट सॅच्युरेशन, म्हणजे रंगांची तीव्रता, उतरवलं, तर पाळण्याच्या झेंडूच्या माळाही फिक्या पडल्या.

मग लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी व्हाइट बॅलन्स नीट केला, म्हणजे उजेडामुळे आलेली रंगाची झाक काढली. पिवळ्या बल्बचा रंग गालांवर उतरला होता. नंतर कलर मिक्सरमध्ये फक्त लाल रंग धरला: सॅच्युरेशन उणे १५, ल्युमिनन्स (उजळपणा) अधिक २०. झेंडू केशरी, म्हणून वाचला. नखाचा ओरखडा हीलिंग ब्रशनं पुसला. नाकावरचे पांढरे बारीक ठिपके मात्र ठेवले. ते बऱ्याच नवजात बाळांना असतात, आणि घासूनपुसून काढले की चेहरा प्लॅस्टिकचा वाटतो.

एकच घोटाळा झाला. डाग समजून गालावरची काजळाची तीटही पुसली. आजी म्हणाल्या, "आधी ती परत लाव!" अनडू केलं.