दुर्मिळ जातीच्या कोंबड्यांसाठी नवं रक्त कुठून आणि कसं आणायचं

कमी लोकांकडे असलेली एखादी जात पाळायला घेतली की पहिली दोनतीन वर्षं मजेत जातात, मग हळूहळू अंडी कमी उबायला लागतात, काही पिल्लं कवचातच मरतात, जी निघतात ती अंगाने बारीक राहतात, आणि माणूस खाद्य बदल, इन्क्युबेटर बदल, व्हिटॅमिन दे असले प्रकार करत बसतो. ते सगळं करून बघायला हरकत नाही, पण कळप पहिल्यापासून एकाच ठिकाणच्या पाचसहा पक्ष्यांवर उभा असेल तर दुखणं बहुतेक वेळा रक्तात असतं, भाऊ बहिणीवर लागून लागून तिथवर आलेलं. त्याला उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी पक्षी, आणि दुर्मिळ जातीत ते दुसरं कुणीतरी सापडणं हेच तर अवघड.

आधी थोडा हिशोब बघा, म्हणजे किती माणसं शोधायची ते कळेल. पैदाशीच्या दृष्टीने कळप खरा किती मोठा आहे ते काढायचं तर नर गुणिले माद्या गुणिले चार, आणि त्याला एकूण पक्ष्यांनी भागायचं. एक नर आणि दहा माद्या, दिसायला अकरा पक्षी, पण हिशोबात साडेतीनच्या आसपासच. अशा कळपात नात्यातली पैदास एका पिढीत जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढते. त्याच दहा माद्यांबरोबर पाच नर ठेवले (आणि पाचही खरंच वापरले) तर आकडा तेरावर जातो आणि वाढ ४ टक्क्यांच्या आत येते. म्हणून "एक देखणा नर ठेवला, बाकीचे काढून टाकले" हे ऐकलं की मला कसंतरी होतं. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, हा आकडा निदान ५० असावा म्हणते, म्हणजे वाढ पिढीला १ टक्क्यावर राहते. आता पन्नास म्हणजे पंचवीस नर पंचवीस माद्या, एवढे नर घरी एकट्याने कोण सांभाळणार, ते एकमेकांना फाडतील. पण चारपाच जणांनी मिळून सांभाळले तर जमतं, आणि म्हणूनच जोडीदार शोधताना "मला एक कोंबडा द्या" एवढ्यावर थांबू नका, वर्षानुवर्षं देवाणघेवाण करणारी माणसं शोधा.

शोधायचं कुठे. नावापासून सुरू करा, कारण एकाच जातीची नावं आणि स्पेलिंगं बरीच असतात. कडकनाथला कालीमासी म्हणतात, असील कुणी असिल लिहितो, इंग्रजीत त्याची अजून दोनतीन रूपं, इंडोनेशियाच्या काळ्या जातीला कुणी अयाम चेमानी म्हणतं कुणी सेमानी. सगळी रूपं टाकून शोधा, जातीच्या मूळ भाषेतलं नावही टाका. एफएओचा डॅड-आयएस नावाचा डेटाबेस आहे, त्यात देशवार जाती आणि त्यांची स्थानिक नावं बघायला मिळतात. तिथे पाळणाऱ्यांचे फोन नंबर नसतात, पण जात कुठल्या भागातली आणि तिथे तिला काय म्हणतात एवढं कळलं तरी पुढचं शोधणं सोपं होतं. ब्रिटनमध्ये १९७३ साली सुरू झालेला रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट आणि अमेरिकेत १९७७ साली सुरू झालेली लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी असल्या जातींच्या याद्या ठेवतात. अमेरिकन यादीत सगळ्यात धोक्याच्या गटात जायला देशभरात पैदाशीचे ५०० पेक्षा कमी पक्षी आणि मोठे कळप पाच किंवा त्याहून कमी असावे लागतात. म्हणजे पूर्ण देशात पाच कळप! आपल्याला माणसं सापडत नाहीत यात आपलं काही चुकत नाहीये, मुळात माणसंच कमी आहेत.

जातीचा क्लब असेल तर पहिला फोन तिथे. नसेल तर पक्ष्यांची प्रदर्शनं, आणि तिथे पिंजऱ्यातल्या पक्ष्यापेक्षा जजशी बोला, कारण कुणाकडे काय आहे, कुणी सोडून दिलं, कुणाच्या पक्ष्यांचे पाय बिघडलेत हे त्याला सगळं माहीत असतं. मग खाद्यविक्रेते, पक्ष्यांचे डॉक्टर, आणि दुसऱ्यांची अंडी भाड्याने उबवून देणारे, यांना मी सगळ्यात जास्त भाव देईन, कारण प्रसिद्धी न करता शांतपणे पाळणारा माणूसही अंडी घेऊन यांच्याकडेच येतो. फेसबुक-व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये विक्रीच्या पोस्टपेक्षा त्याखालच्या कमेंट वाचा. "तुमच्याकडून नेलेल्या तलंगा आता अंड्यावर आल्या" असं कुणी लिहिलं की तो एक नवा पाळणारा मिळाला. आणि ज्यांनी पाळणं सोडलं त्यांना टाळू नका, उलट त्यांनाच आधी विचारा की पक्षी कुणाला दिले, सोडलेला माणूस मोकळेपणाने सांगतो, त्याला आता काही विकायचं नसतं.

पहिला मेसेज कसा लिहावा याबद्दल लोक विचार करत नाहीत, थेट "रेट?" टाकतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून रडतात. साधारण असं लिहा: "नमस्कार, मी इतक्या वर्षांपासून ही जात पाळतोय, माझ्याकडे सध्या इतके नर इतक्या माद्या, मूळ पक्षी अमुक ठिकाणचे. नात्यातली पैदास वाढलीय म्हणून वेगळ्या रक्ताची लाइन बघतोय. तुमचे पक्षी मूळ कुठून आले एवढं सांगाल का? बदल्यात माझ्याकडची अंडी किंवा नर द्यायला तयार आहे." सोबत तुमच्या कळपाचे फोटो, चांगले आणि साधे दोन्ही. दुर्मिळ जातवाल्यांना कुणीतरी पक्षी नेऊन दुसऱ्या जातीत मिसळेल ही भीती असते, तुम्ही स्वतःची माहिती आधी दिली की ती निम्मी जाते.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहिलं. चार जणांकडून पक्षी आणले म्हणजे चार रक्तं आली असं नाही. दुर्मिळ जातीत बहुतेक वेळा चौघांनीही कधीतरी एकाच हॅचरीतून किंवा एकाच जुन्या पाळणाऱ्याकडून घेतलेलं असतं, आणि त्यांना स्वतःलाही ते माहीत नसतं. त्यामुळे प्रत्येकाला विचारायचं की पक्षी कुणाकडून आले, कुठल्या वर्षी, किती आले, त्यानंतर बाहेरचं काही घातलं का, आणि किती नर चालवता. उत्तरं एका कागदावर मांडा, कुणाकडून कुणाकडे गेले त्याचे बाण काढत. सातआठ जणांशी बोलणं झालं की बाण दोनतीन नावांवर येऊन थांबायला लागतात. ती नावं म्हणजे तुमच्या जातीची खरी मुळं, आणि तुम्हाला तुमच्यापेक्षा वेगळ्या मुळावरचा माणूस हवाय, मग त्याचे पक्षी दिसायला थोडे डावे असले तरी चालतील. मूळ एकच निघालं तरी निराश होऊ नका. दोन कळप बऱ्याच पिढ्या वेगळे राहिले असतील तर प्रत्येकात वेगवेगळे गुण टिकलेले आणि वेगवेगळे हरवलेले असतात, एकत्र आणले की बराच फरक पडतो.

जात शुद्ध आहे का हे ओळखायला एका देखण्या नराचा फोटो काही कामाचा नाही. पूर्ण कळपाचा, पायांचा, तुऱ्याचा आणि खास करून ताज्या पिल्लांच्या घोळक्याचा फोटो मागा, पिल्लं किती रंगाची निघतात त्यावर बरंच कळतं. काळ्या कातडीचा जनुक प्रभावी असतो, त्यामुळे काळ्या जातीच्या संकरातही काळपट पक्षी निघतात आणि शुद्ध म्हणून खपतात. याच्या उलटही होतं बरं का. वायनडॉटसारख्या गुलाबतुऱ्याच्या (रुंद, चपट्या तुऱ्याच्या) जातीत मधूनच साध्या एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं की लोक भेसळ भेसळ ओरडतात, पण ते शुद्ध कळपातही निघतं, कारण गुलाबतुऱ्याचा जनुक दोन्ही बाजूंनी आलेल्या नरांची प्रजननक्षमता कमी असते आणि एकेरीचा जनुक मागे लपून टिकून राहतो. काही जातींत तर ठरावीक पिल्लं मरणारच. जपानी बँटमचे आखूड पाय किंवा अरौकानाचे कानाजवळचे झुपके, हे जनुक दोन्हीकडून आले तर पिल्लू अंड्यातच जातं, म्हणजे असे दोन पक्षी लावले तर चौथा हिस्सा गेलाच म्हणून समजा. समोरचा माणूस हे आपणहून सांगत असेल तर तो जाणकार आहे, त्याच्याशी संबंध टिकवा.

अंडी आणायची की पक्षी? अंडी स्वस्त आणि सोपी, पण लांबून आलेल्या अंड्यांचं उबवण्याचं प्रमाण बरंच घसरतं हे धरूनच मागवा. सात दिवसांच्या आतली हवीत, आल्यावर टोकाची बाजू खाली करून दिवसभर शांत ठेवायची आणि मगच इन्क्युबेटरमध्ये. देणाऱ्याकडे दुसऱ्या जातीचे नर मोकळे फिरत असतील तर माद्या वेगळ्या करून निदान तीन आठवडे झालेले असायला हवेत, कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज तेवढे दिवस टिकतं, हे विचारायला लाजू नका. आजाराचं म्हणाल तर पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे जंतूंचे आजार अंड्यातूनही येतात, त्यामुळे तपासणी केलीय का ते विचारा. मरेक्स हा विषाणूचा आजार मात्र अंड्यातून येत नाही, त्याची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते. लस दिलेला मोठा पक्षीही मरेक्सचा विषाणू घेऊन फिरू शकतो, म्हणून लसीशिवायच्या कळपात तो आणताना दोनदा विचार करा.

मोठे पक्षी आणले तर ३० दिवस वेगळे, आणि वेगळे म्हणजे त्याच खुराड्यात जाळी लावून नाही, लांब, वेगळी भांडी, वेगळ्या चपला, आणि रोज आधी आपल्या पक्ष्यांचं करून मग नव्यांकडे जायचं. शेवटच्या आठवडाभर आपल्यातला एखादा साधा पक्षी त्यांच्यात सोडून बघा, तो आजारी पडला नाही तर पुढे जा. मानमोडीची (राणीखेतची) लस कधी दिलीय ते लिहून घ्या. बर्ड फ्लूची बंदी असेल तेव्हा पक्षीही नको अंडीही नको, कितीही मोह झाला तरी.

नवा नर आला की लगेच सगळ्या कळपावर सोडायचा नाही. दोनतीन माद्यांबरोबर वेगळा ठेवा, पिल्लं काढा, ती वाढू द्या, काही खोट निघते का बघा, आणि तोवर तुमची जुनी लाइन तशीच बाजूला चालू राहू द्या. नर एक असला तरी त्याचं रक्त एका हंगामात सगळीकडे जातं, चांगलंही आणि वाईटही.

तीन जण जमले की कायमची सोय होते. पहिल्याचे तरुण नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, तिसऱ्याचे पहिल्याकडे, दर पिढीला एकाच दिशेने, आणि माद्या कधीच हलवायच्या नाहीत. एवढ्याने नात्यातली पैदास खूप हळू वाढते आणि हिशोबही सोपा राहतो. खुणेसाठी पायात रिंगा घाला, नाहीतर पहिल्या दिवशी पिल्लाच्या बोटांमधल्या पातळ कातडीला भोक पाडतात, दोन पायांच्या मिळून चार जागा, त्यातून १६ वेगवेगळ्या खुणा होतात. कुणी कुणाला काय दिलं, कुणी सोडणार असेल तर आधी कळवायचं, नापास पक्षी पैदाशीचे म्हणून विकायचे नाहीत, हे दोन ओळींत का होईना लिहून ठेवा. मैत्रीत लिहायचं कशाला म्हणणारेच पुढे एका नरावरून बोलणं बंद करतात. प्रत्येकाने दुसऱ्याच्या लाइनचे एकदोन जोडही, आपल्या कळपात न मिसळता, फक्त राखीव म्हणून सांभाळावेत, मुंगसाने एका रात्रीत खुराडं साफ केलं तर कुठूनतरी परत घेता यायला हवं.

आणि विचारायची वेळ सांभाळा. दिवस मोठा व्हायला लागला की कोंबड्या अंड्यावर येतात आणि पाळणाऱ्याला डोकं वर काढायला वेळ नसतो, तेव्हा तुमचा लांबलचक मेसेज तसाच पडून राहतो. त्याआधी, म्हणजे त्या वर्षीची पिल्लं वाढून जादा नर काढून टाकायच्या दिवसांत फोन करा. जो नर त्याला नकोसा झालेला असतो तोच तुम्हाला हवा असू शकतो, फक्त तो सुरीखाली जायच्या आत तुमचा फोन लागला पाहिजे.