गटात शिकवताना मुलांमुलांतला फरक कसा सांभाळावा

सातारा-सांगलीकडच्या अभियांत्रिकी कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाचा एकच वर्ग घ्या. डिप्लोमावरून थेट आलेल्या मुलाने सर्व्हेची यंत्रं हाताळलेली असतात, पण गणित कच्चं. बारावीवरून आलेल्याचं नेमकं उलट. कुणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, कुणी रोज एसटीने ये-जा करणारा. गट नीट पाडले तर हाच फरक कामी येतो.

गट मुलांना पाडू देऊ नका. मित्र मित्रांत जातात आणि कच्ची मुलं एकत्र उरतात. ६० जणांचे १० गट करायचे असतील तर आधी डिप्लोमावाले, मग गणितात चांगले, मग बाकीचे अशी एकच रांग लावा आणि १ ते १० आकडे म्हणवत जा. एक आकडा, एक गट. मुली कमी असतील तर एकटीला कुठल्याही गटात टाकू नका, दोघी तरी हव्यात. गट सत्रभर तेच ठेवा, कारण बुजरा मुलगा बोलायला लागेपर्यंत काही आठवडे जातात.

नव्या घटकाचं वाचन आधी घरी. वर्गात १० बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे, १५ मिनिटं. पेपर गोळा करून तीच चाचणी लगेच गटाने द्यायची, दोन्हींचे गुण धरायचे. हा क्रम कधीच उलटवू नका. आधी गटात बसवलं की हुशार मुलगा उत्तर सांगतो, बाकीचे मान डोलावतात आणि कोण कुठे अडलंय ते शिक्षकालाही कळत नाही. एकट्याचं उत्तर आधी कागदावर उतरलेलं असलं की गप्प बसणाऱ्यालाही ‘मी ब का लिहिलं’ हे सांगावंच लागतं.

चर्चा मराठीत होऊ द्या, संज्ञा इंग्रजीच राहू देत. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मुलगा गप्प असेल तर ते अज्ञान नव्हे, आणि ही गल्लत फार होते.

चाचणीनंतर गटाला द्यायचा प्रश्न निर्णयाचा हवा: ओढ्याचा नकाशा, चार जागा, बंधारा कुठे घालाल? सगळ्या गटांनी एकाच वेळी अ-ब-क-ड पाटी वर करायची, म्हणजे दुसऱ्याचं बघून बदलता येत नाही. अहवाल लिहायला देऊ नका. तो अक्षर चांगलं असलेली मुलगी एकटी लिहिते. गटाचं सगळं काम तासातच संपवा. नंतर थांबायचं ठरलं की जत-आटपाडीची एसटी गाठणारा आपोआप बाहेर पडतो.

सहाजणांच्या गटात कुणी किती हातभार लावला ते बघून प्रत्येकाने उरलेल्या पाचांना मिळून ५० गुण वाटायचे, सगळ्यांना सारखे चालणार नाहीत. सत्राच्या मध्यावर हे एकदा नुसतं दाखवण्यापुरतं करा, शेवटी निकालात धरा.